मनोरा मध्यावर नाही

पहाटे ५.३०
पॅरिसजवळचं हॉटेल. वेक-अप कॉल जाण्याआधीच निम्म्या काकू आवरून लॉबीत हजर. बॅगा मोजल्या: ४२ माणसं, बॅगा ४३. जास्तीची निघाली चिवडा-लाडवांची.

सकाळी ७.३०
बस सुटली. सीट रोटेशनचा तक्ता वाचून दाखवला, तरी खिडकीवरून कुरबुर झालीच. ब्रसेल्स इथून साधारण ३०० किलोमीटर. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. बसमधलं यंत्र सगळं नोंदवतं. त्याच्यापुढे टूर मॅनेजरचं काही चालत नाही. कॉफीला कोणी रेंगाळलं, की तेवढी मिनिटं ब्रसेल्समधून कापली जातात.

दुपारी १२.१५
ब्रसेल्समध्ये भारतीय जेवण. भात दिसला आणि बसमधली भांडणं मिटली.

दुपारी १.३०
ग्रँ-प्लास. चौकात बस येत नाही, फरसबंदीवरून चालत जायचं. गल्ली संपली की समोर एकदम टाउन हॉल: ९६ मीटरचा मनोरा, टोकावर सोनेरी सेंट मायकेल. १६९५ साली फ्रेंच तोफांच्या माऱ्यात अख्खा चौक बेचिराख झाला. ही इमारतही आतून जळाली, पण दगडी भिंती आणि मनोरा टिकला.

मग माझी पाठ झालेली गोष्ट: मनोरा मध्यावर नाही हे लक्षात आल्यावर वास्तुकारानं म्हणे वरून उडी टाकली. सगळे हळहळले. मागून बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, "उडी कशाला टाकेल? दोन वेगळी कामं आहेत ही. दरवाजासुद्धा मनोऱ्याच्या मध्यावर नाही, बघा."

खरंच आहे. डावी बाजू १४०२ साली सुरू झाली. उजवी १४४४ साली, घरं पाडून. मी त्यांना उजव्या कमानींखाली नेलं. खांबाच्या माथ्यावर माणसं फावड्यानं खुर्च्या उपसतायत. पाडलेल्या एका घराचं नाव होतं 'स्कुपस्टूल'. शिल्पकारानं त्याची 'फावडं' आणि 'खुर्ची' अशी फोड करून ते दगडात कोरलं.

काका बराच वेळ वर बघत राहिले. "रस्ता रुंदीकरणात मी किती घरं पाडली! एकाचंही नाव ठेवलं नाही कुठे."

दुपारी २.४५
मानेकन-पिस, सू करणाऱ्या पोराचा चिमुकला पुतळा. "एवढासाच?" हा प्रश्न प्रत्येक ग्रुपला पडतो.

दुपारी ४.००
बसमध्ये डोकी मोजली: ४१. धावत चौकात गेलो. काका टाउन हॉलसमोर एकेक पाऊल टाकत चालले होते. "थांब, आकडा चुकेल." शेवटी वळून म्हणाले, "डावी बाजू लांब आहे."

रात्री ९.३०
अ‍ॅमस्टरडॅमचं हॉटेल. चाव्या वाटल्या, ऑफिसचा रिपोर्ट भरायला घेतला. ब्रसेल्सहून निघायला उशीर: १५ मिनिटं. कारण: मोजमाप.