'कुरेरु' या जपानी क्रियापदाविषयी

जपानी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत 'आगेरु' म्हणजे देणे आणि 'कुरेरु' म्हणजेही देणे, अशी नोंद हटकून आढळते, आणि तीवरून या दोहोंपैकी हवे ते क्रियापद योजण्याची आपणांस मुभा आहे, असा ग्रह तो करून घेतो. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. वस्तू माझ्याकडून वा माझ्या माणसांकडून बाहेर गेली, किंवा दोन तिऱ्हाइतांमध्ये तिची देवघेव झाली, तर 'आगेरु'. बाहेरून ती माझ्याकडे, अथवा माझ्या भावाबहिणीकडे, आली तर 'कुरेरु'. त्यामुळे 'तोमोदाचि गा होन ओ कुरेता', म्हणजे 'मित्राने पुस्तक दिले', एवढे म्हणताच ते मला दिले हे ऐकणाऱ्यास उमगते. 'मला' हे पद उच्चारण्याचे प्रयोजनच उरत नाही.

हे क्रियापद केवळ वस्तूंच्या देवघेवीपुरते आहे, हा दुसरा गैरसमज. 'पत्र लिहून दिले' असे आपण म्हणतो, तद्वत जपानीतही ते दुसऱ्या क्रियापदास जोडले जाते. मात्र मराठीतील 'देणे' उपकाराची दिशा सांगत नाही, 'कुरेरु' ती सांगते. घर बदलताना मित्राने हातभार लावला, तर 'तेत्सुदात्ते कुरेता' म्हणावे. नुसते 'तेत्सुदात्ता' म्हटल्यास व्याकरण शाबूत राहते, पण कृतज्ञता लोप पावून वाक्य कोरड्या अहवालासारखे ऐकू येते.

'कुदासाइ' हा 'कृपया' या अर्थाचा स्वतंत्र शब्द समजला जातो, परंतु तो 'कुरेरु'च्या आदरार्थी रूपाचे, 'कुदासारु'चे, आज्ञार्थी रूप आहे.

सर्वांत घातक समजूत 'आगेरु'विषयीची. या शब्दाचा मूळ अर्थ 'वर उचलणे' असल्याने तो वडीलधाऱ्यांशी बोलताना निर्धास्तपणे वापरावा, असे अनेकांस वाटते. गुरुजींची पिशवी उचलण्यास पुढे सरसावलेला विद्यार्थी 'मोत्ते आगेमाशो का' असे विचारतो, तेव्हा त्याचा हेतू निर्मळ असतो यात शंका नाही. पण त्या शब्दयोजनेतून 'मी आपणांवर उपकार करू का' असा ध्वनी निघतो, आणि सेवेचे रूपांतर एहसानात होते. तेथे 'ओमोचि शिमाशो का' हेच उचित. म्हणून वहीतील ती नोंद खोडावी, आणि प्रत्येक क्रियापदापुढे देणारा कोण व घेणारा कोण हे लिहून ठेवावे.