नंबर प्लेट सांभाळा, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊ नका

व्यापारी दुकानाचा शिक्का आणि चेकबुक रात्री गल्ल्यात कुलूपबंद करतो. पण त्याच्या नावाची आणखी एक वस्तू रात्रभर रस्त्यावर दोन स्क्रूंच्या आधारावर असते. ती म्हणजे गाडीची नंबर प्लेट. पत्र्याच्या हिशेबाने तिची किंमत फार नाही. परंतु ती दुसऱ्याच्या गाडीवर लागली की सिग्नल तोडल्याचा दंड, पेट्रोल भरून पळाल्याची तक्रार किंवा त्याहून मोठा गुन्हा मूळ मालकाच्या दारात येतो.

तळोद्याच्या बंधूंनी हे अधिक मनावर घ्यावे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्ग येथूनच जातो आणि गुजरातची हद्द जवळ आहे. एमएच ३९ ची चोरलेली प्लेट थोड्याच वेळात दुसऱ्या राज्यात जाऊ शकते. कॅमेरा फक्त नंबर टिपतो, चालवणारा कोण हे पाहत नाही. मग आपली गाडी त्या दिवशी दारातच उभी होती हे पटवून देत फिरण्याची वेळ मालकावर येते.

एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत अंबानी यांच्या निवासस्थानाजवळ स्फोटके ठेवलेली गाडी सापडली. त्या तपासात मार्च २०२१ मध्ये मिठी नदीतून नंबर प्लेट्सही काढण्यात आल्या. त्यांवरील नंबर औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथून नोव्हेंबर २०२० मध्ये चोरीस गेलेल्या मोटारीचा निघाला. मालकाने चोरी होताच पोलिसांत तक्रार दिली होती. अशा प्रसंगी तोच कागद कामी येतो.

१ एप्रिल २०१९ पासून नवी वाहने उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावूनच मिळतात. त्याआधीच्या वाहनांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची झाली. त्यासाठी दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि इतर वाहनांना ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला, आणि २०२५ मध्ये मुदत अनेकदा वाढवण्यात आली. ही प्लेट ॲल्युमिनियमची असून तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम व लेसरने कोरलेला कायम क्रमांक असतो. तिचे स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाही आणि पुन्हा बसत नाही. म्हणून प्लेट बसवताना लॉकच लावून घ्या, साध्या स्क्रूवर समाधान मानू नका. लेसर क्रमांकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. उतरवलेली जुनी प्लेट भंगारात अखंड देऊ नका. तिचे तुकडे करा.

रात्री गाडी उजेडात आणि शक्य तेथे मागची बाजू भिंतीला लावून उभी करा. सकाळी गाडी काढण्यापूर्वी पुढची-मागची प्लेट पाहण्याची सवय लावा. टेम्पो, रिक्षा चालवणाऱ्यांनी हे ड्रायव्हरलाही सांगून ठेवावे.

आपल्यातील अनेकजण गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग आणि रेडियमचे काम करतात. गिऱ्हाईकाची गाडी ही अमानत आहे आणि तिची प्लेटही. बंपर उतरवताना काढलेली प्लेट कोपऱ्यात पडू देऊ नये, कपाटात ठेवावी. नव्या सक्तीमुळे रेडियमवाल्यांचा प्लेट रंगवण्याचा धंदा बसला, हे खरे दुखणे आहे. तरीही आरसी बुक न पाहता कोणालाही नंबर करून देऊ नये. होलोग्रामची नक्कल तर मुळीच नको. शंभर-दोनशे रुपयांसाठी पोलीस ठाण्याच्या चकरा परवडणाऱ्या नाहीत.

प्लेट चोरीस गेलीच तर त्याच दिवशी तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र गणली जाऊ शकते, म्हणून ठाण्यात नुसती एनसी नोंदवली जाईल. हरकत नाही, पण तिची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. चोरी असेल तर 'हरवली' असे लिहून देऊ नका. कोठे, किती वाजता, कोणती प्लेट हे स्पष्ट लिहा. नवी प्लेट मागवताना हीच प्रत लागते. पुढील काही महिने ई-चलनाच्या संकेतस्थळावर आपला नंबर अधूनमधून तपासा, आणि परका दंड दिसला तर भरून टाकण्यापूर्वी त्या प्रतीसह हरकत नोंदवा.