जागा राखीव, मतदार सगळे

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार असतात, प्रत्येक मतदारसंघातून एक. मुदत पाच वर्षे, बहुमताचा आकडा १४५. २९ जागा अनुसूचित जातींसाठी, २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. १९९०च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही राखीव जागा लढवता येते. पण आरक्षण फक्त उमेदवारीला असते. मतदान सगळेच करतात आणि सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. संयुक्त मतदारसंघाची ही पद्धत १९३२च्या पुणे करारातली. त्यामुळे राखीव जागेवरचा आमदारही आपल्या मतांशिवाय जिंकू शकतो. त्याने आपले ऐकायला हवे असेल, तर वस्तीतल्या अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडून नमुना ६ भरून घ्या आणि नाव मतदार यादीत आणा.