निश्तामाल : एक खाद्यसंज्ञा आणि तिच्यात साठलेले ज्ञान

प्रस्तावना

पारंपरिक खाद्यपदार्थांची नावे सामान्यतः कोशातील नोंदी म्हणून पाहिली जातात. वस्तुतः अनेक खाद्यसंज्ञांमध्ये पदार्थाची कृती आणि तिच्यामागील पिढ्यांचा अनुभव साठलेला असतो. मराठीतील ‘भाजणी’ हा शब्द याचे साधे उदाहरण होय. धान्ये दळण्यापूर्वी भाजावयाची असतात, हे त्या नावातच सांगितलेले आहे. मेक्सिकोतील ‘निश्तामाल’ ही याच प्रकारची संज्ञा आहे. मका जगभर पोहोचला, परंतु ही संज्ञा आणि तिने सुचविलेली प्रक्रिया मात्र मागे राहिली. त्याचे काय परिणाम झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञा आणि प्रक्रिया

अॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘नेश्तली’ म्हणजे राख आणि ‘तमाली’ म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजविलेला गोळा. या दोन शब्दांच्या संयोगातून निश्तामाल ही संज्ञा तयार झाली. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. चुन्याचे प्रमाण दाण्यांच्या वजनाच्या साधारणतः १ टक्का असते. सकाळी ते पाणी ओतून देऊन दाणे चोळून धुतात, तेव्हा सुटलेली साले निघून जातात. हे दाणे ‘मेताते’ नावाच्या दगडी पाट्यावर वाटले की ‘मासा’ हा मऊ गोळा तयार होतो. तो थापून तव्यावर भाजला की तोर्तिया, कणसाच्या पानांत गुंडाळून वाफविला की तमाल आणि पाण्यात कालवून शिजविला की आतोले हे पेय होते. अखंड दाणे मांसाबरोबर शिजविले की पोसोले होते. पदार्थ अनेक असले तरी त्यांचा पाया एकच आहे.

मक्यातील नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, बव्हंशी बद्ध स्वरूपात असल्याने शरीरास मिळत नाही. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यामुळे ते मुक्त होते आणि अन्नातील कॅल्शियमही वाढते. प्राचीन समाजांना हे रसायनशास्त्र ज्ञात असण्याचे कारण नव्हते. तथापि साले सहज सुटतात, वाटणे सोपे होते आणि पीठ न तुटता थापता येते, हे लाभ प्रत्येक गृहिणीस प्रत्यक्ष दिसत होते. स्वयंपाकाच्या सोयीसाठी टिकलेली ही कृती आरोग्याचेही रक्षण करीत राहिली.

संज्ञेविना झालेले स्थलांतर

कोलंबसाच्या १४९२ मधील प्रवासानंतर मका युरोपात आला. उत्तर इटलीत त्याला ‘पोलेंता’ हे नाव मिळाले. हे नाव मुळात रोमन काळातील जवाच्या भरडीचे होते. नाव जुने, शिजविण्याची रीतही जुनीच आणि धान्य तेवढे नवे, अशी ही स्थिती होती. पीठ नुसत्या पाण्यात शिजविले जाऊ लागले. चुन्याची पायरी सुचविणारा शब्दच सोबत आला नव्हता.

१७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने स्पेनमधील गरीब शेतकऱ्यांत एक नवा रोग पाहिला. १७७१ मध्ये इटलीतील फ्रापोली यांनी त्यास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव लिखित स्वरूपात दिले. त्वचादाह, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू असा या रोगाचा क्रम होता. दीर्घकाळ सडक्या मक्यास किंवा संसर्गास दोष दिला गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हाच रोग मोठ्या प्रमाणावर पसरला. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर ११ कैद्यांना प्रामुख्याने मक्याचा आहार दिला, तेव्हा त्यांपैकी ६ जणांत रोगाची लक्षणे दिसली. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांनी नायसिनचे महत्त्व सिद्ध केले.

येथे एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. केवळ चुन्याचा अभाव हे पेलाग्राचे संपूर्ण कारण नव्हे. मेक्सिकोत मक्यासोबत घेवडा, भोपळा व मिरची खाल्ली जात असे. इटलीतील शेतमजुरास मात्र पोलेंताखेरीज फारसे काही परवडत नव्हते. गोल्डबर्गर यांनीही रोगाचे मूळ दारिद्र्यात असल्याचे आग्रहाने मांडले होते. आपल्याकडेही दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब वर्गात पेलाग्रा आढळला आणि १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी जोडला. एकाच धान्यावर विसंबण्याची सक्ती हा या सर्व उदाहरणांतील समान धागा आहे.

निष्कर्ष

धान्य एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेणे सोपे असते, त्याभोवतीचे ज्ञान नेणे अवघड असते. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि त्या नोंदीत निश्तामाल प्रक्रियेचाही उल्लेख केला, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्या महाविद्यालयांतून बोलींचे व लोकसंस्कृतीचे संकलन होते, त्यात खाद्यपदार्थांची नावे येतात. परंतु धान्य किती वेळ भिजवावे, कोणता खार घालावा, कोणते पाणी टाकून द्यावे, हे तपशील बहुधा सुटतात. भाषा, गृहविज्ञान आणि रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन असे संकलन केल्यास, ज्या वृद्ध स्त्रियांपाशी हे ज्ञान आज आहे, त्यांच्याबरोबर ते नाहीसे होणार नाही.