एकाच शुक्रवारी थिएटरात आणि घरात?

मे 2025 मधली गोष्ट. 'भूल चूक माफ' हा हिंदी चित्रपट 9 मेच्या शुक्रवारी थिएटरात लागायचा होता, आगाऊ बुकिंगही सुरू झालं होतं. भारत-पाकिस्तान तणाव वाढलेला. आदल्या दिवशी निर्मात्यांनी जाहीर केलं, की चित्रपट थिएटरात लागणार नाही, 16 मेला थेट ओटीटीवर येईल. पीव्हीआर आयनॉक्स ही मल्टिप्लेक्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ओटीटीवरचं प्रदर्शन रोखलं. शेवटी तडजोड झाली: 23 मेला चित्रपट थिएटरात लागला आणि दोनच आठवड्यांनी, 6 जूनला, ओटीटीवर आला.

त्या आठवड्यात अनेकांनी यातून एक निष्कर्ष काढला, की नवा चित्रपट लगेच ओटीटीवर आणायला कायद्यानेच मनाई आहे. तशी मनाई नाही. न्यायालयासमोरचा प्रश्न कराराचा होता. थिएटर आणि ओटीटी यांच्यातल्या अंतराला धंद्यात 'विंडो' म्हणतात. हिंदी चित्रपटांसाठी ही विंडो आठ आठवड्यांची आहे, आणि ती ठरवली आहे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांनी आपसांत. कोविडनंतर काही काळ ती चार आठवड्यांवर आली होती, ऑगस्ट 2022 पासून पुन्हा आठ झाली. दक्षिणेत चार आठवड्यांची रीत आहे. म्हणूनच 2023 मध्ये तमिळ अभिनेता विजयच्या 'लिओ'ची हिंदी आवृत्ती देशभरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावलीच नाही. एखाद्या निर्मात्याने उद्या एकाच दिवशी दोन्हीकडे चित्रपट आणला तर त्याला पोलीस पकडणार नाहीत, मोठी मल्टिप्लेक्स फक्त पडदे देणार नाहीत. नियमाने बांधलेली विंडो पाहायची तर फ्रान्समध्ये पाहावी. थिएटरात लागलेला चित्रपट दाखवण्यासाठी तिथे नेटफ्लिक्सला 15 महिने थांबावं लागतं.

दुसरा समज असा, की एकाच वेळी दोन्हीकडे चित्रपट आणणं ही कोविडची देणगी. कोविडने या कल्पनेला जोर दिला, पण ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकी दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गचा 'बबल' जानेवारी 2006 मध्ये थिएटर, केबल वाहिनी आणि डीव्हीडी अशा तिन्हीकडे काही दिवसांच्या आत आला होता. आपल्याकडे कमल हासनने जानेवारी 2013 मध्ये 'विश्वरूपम' थिएटरच्या आदल्या रात्री डीटीएचवर दाखवायचं ठरवलं. एका वेळचे 1000 रुपये. हिशेब सरळ होता: घरात सात-आठ माणसं बसून बघणार, तर हजार रुपये जड नाहीत. तामिळनाडूतले थिएटरमालक खवळले, चित्रपट लावणारच नाही म्हणाले, आणि कमल हासनला बेत सोडावा लागला. ओटीटी आपल्या घरात रुळण्याआधी हा वाद असा एकदा पुरता होऊन गेला आहे.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. 'गुलाबो सिताबो' जून 2020 मध्ये ओटीटीवर आला तो थेट. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' 2021 मध्ये तसाच आला. हे एकाच वेळचं प्रदर्शन नव्हे. थेट येणाऱ्या चित्रपटाचा सौदा आधीच झालेला असतो, गल्ल्याची चिंता नसते. आणि थेट आला म्हणजे पडेल माल, असंही नाही. 'द डिसायपल'ला व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला होता.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. 'दोन्हीकडे लावला की दोन्हीकडून पैसा येणार' हे ऐकायला पटतं. पण थिएटरातला पैसा वाटला कसा जातो ते पाहा. 2009 मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे मोठे चित्रपट लागले नाहीत. त्यातून जे सूत्र निघालं त्यात करवजा गल्ल्यातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे 30 असा उतरत जातो. थिएटरवाल्याला वाढता वाटा मिळतो तो पुढच्या आठवड्यांत. पहिल्या दिवसापासून चित्रपट घरी मिळाला तर त्याचे हे आठवडेच जातात. तो चिडतो ते हट्टापायी नाही.

निर्मात्याच्या बाजूनेही हिशेब सोपा नाही. आपल्याकडच्या ओटीटी करारांत अनेकदा चित्रपटाची किंमत थिएटरातल्या गल्ल्याला बांधलेली असते: तिथे चालला तर जास्त, पडला तर कमी. म्हणजे थिएटर हे ओटीटीचं प्रतिस्पर्धी असतं तसंच चित्रपटाचा भाव ठरवणारा तराजूही असतं. दोन्ही एकाच दिवशी केलं की तराजूच जातो.

आणि आलेला पैसा कुणाच्या खिशात जातो? जुलै 2021 मध्ये डिस्नेने 'ब्लॅक विडो' थिएटरात आणि स्वतःच्या ओटीटीवर एकाच दिवशी आणला. घरी बघायला वर्गणीखेरीज आणखी 30 डॉलर. पहिल्या तीन दिवसांत अमेरिका-कॅनडातल्या थिएटरांतून सुमारे 8 कोटी डॉलर आले, जगभरातल्या घरांतून सुमारे 6 कोटी. कंपनीने हे आकडे अभिमानाने जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीला नायिका स्कार्लेट जोहान्सनने कंपनीवर दावा लावला, कारण तिच्या मानधनाचा मोठा भाग थिएटरच्या गल्ल्यावर अवलंबून होता आणि घरच्या 6 कोटींचा त्यात हिशेब नव्हता. सप्टेंबरअखेर प्रकरण मिटलं. ती मोठी तारका, वकील लावू शकली. गल्ल्यातल्या टक्क्यावर काम करणाऱ्या लहान माणसांना अशा बदलात विचारतं कोण?

'मग एकाच वेळी आणलेला चित्रपट थिएटरात चालतच नाही' असं म्हणणारेही चुकतात. वॉर्नर ब्रदर्सने 2021 चे सगळे चित्रपट अमेरिकेत पहिल्या 31 दिवसांसाठी एचबीओ मॅक्स या ओटीटीवरही द्यायचं ठरवलं. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने जाहीर संताप व्यक्त केला आणि पुढचा 'ओपनहायमर' दुसऱ्या स्टुडिओकडे नेला. तरी त्याच योजनेतला 'ड्यून' जगभरात 40 कोटी डॉलरच्या वर गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' हा भयपट पीकॉक या ओटीटीवर हजर असताना अमेरिका-कॅनडातल्या थिएटरांत पहिल्या तीन दिवसांत सुमारे 8 कोटी डॉलर कमावून गेला.

पण हे चालले कोणते, ते पाहायला हवं. एक भव्य पडद्याचा, दुसऱ्याच्या मागे व्हिडिओ गेममुळे आधीच जमलेली तरुण मंडळी. दोघांनाही प्रेक्षक पहिल्या शुक्रवारीच तयार होता. ज्याला तो तयार नसतो त्याचं काय? 'बाईपण भारी देवा' 30 जून 2023 ला लागला. बायकांचे गट आले, त्यांनी घरी जाऊन बहिणीला, जावेला, भिशीतल्या मैत्रिणींना सांगितलं, मग त्या दहा-दहाजणी मिळून आल्या. काही जणी पुन्हा आल्या. गल्ला 75 कोटींच्या पुढे गेला. समजा तोच चित्रपट 30 जूनलाच फोनवर मिळाला असता, तर त्या बहिणीने तो स्वयंपाक करता करता पाहिला असता, भिशीतल्या दहाजणींनी एकत्र निघायचं कारणच उरलं नसतं. मराठी चित्रपट जगतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, एकाने दुसऱ्याला सांगण्यावर. एकाच वेळच्या प्रदर्शनाचा खरा घाव तिथे बसतो, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

राहता राहिली पायरसी. 'घरी अधिकृत मिळाला तर चोरून कोण बघेल?' असं मनापासून मानणारे पुष्कळ आहेत. थिएटरातली चोरी म्हणजे कुणीतरी मांडीवर मोबाइल धरून केलेलं चित्रण: डोकी मध्ये येतात, आवाज घुमतो. शिवाय पडद्यावरच्या चित्रात डोळ्याला न दिसणारी खूण असते, तिच्यावरून कोणत्या थिएटरातल्या कोणत्या खेळाची ती कॉपी आहे ते काढता येतं. ओटीटीवरून उतरवलेली कॉपी मात्र मुळाइतकीच स्वच्छ असते. सलमान खानचा 'राधे' 13 मे 2021 ला, ईदच्या निमित्ताने, 249 रुपयांत घरी उपलब्ध झाला. देशातली बहुतेक थिएटरं तेव्हा बंद होती, परदेशात तो पडद्यावरही लागला. इतकी गर्दी झाली की अ‍ॅपच कोलमडलं, आणि काही तासांत चोरीच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. दिल्ली उच्च न्यायालयाला त्या विकणारे क्रमांक बंद करायचे आदेश द्यावे लागले. स्वस्त आणि सोयीचा पर्याय चोरी कमी करतो हे खरं, पण पहिल्याच दिवशी स्वच्छ कॉपी बाहेर गेली की ती परत गोळा करता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या तालुक्यात थिएटरच उरलेलं नाही, किंवा परदेशातल्या ज्या गावात मराठी मंडळाने एखाद्या शनिवारी खेळ लावला तरच मराठी चित्रपट दिसतो, तिथल्या प्रेक्षकाला दोन महिने ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे. त्यावर उपाय म्हणजे लहान विंडो आणि थेट पैसे मोजून पाहण्याची सोय. आमिर खानने 'सितारे जमीन पर' 20 जून 2025 ला थिएटरात लावला आणि सहा आठवड्यांनी, 1 ऑगस्टला, यूट्यूबवर 100 रुपयांत दिला, ही वाट मला रास्त वाटते. मराठी चित्रपटाला मात्र निदान चार आठवडे थिएटरात एकट्याने मिळायलाच हवेत.

ते चार आठवडे केवळ करारावर मिळत नाहीत. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या ते पाहून सोमवारपासूनचे खेळ कमी-जास्त होतात. तेव्हा एखादा मराठी चित्रपट थिएटरात पाहायचा तुम्ही ठरवलाच असेल, तर पहिल्या तीन दिवसांत जा.