ब्रेकला पाय लावताच गाडी गचकते?

अ‍ॅम्बॅसेडर बनवणं २०१४ साली थांबलं, तरी ती जिवापाड जपणारी घरं अजून आहेत. अशा जुन्या गाडीला कधी मागाहून ब्रेकचा बूस्टर बसवलेला असतो. मग पाय नुसता टेकवला तरी गाडी गचकन थांबते आणि मागे बसलेल्या सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटतं. अशा वेळी ‘पाय हलका ठेवा’ एवढं सांगून भागत नाही हं!

बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो आणि आपल्या पायाचा जोर वाढवतो. त्यात जुन्या ड्रम ब्रेकचा एक शू फिरत्या ड्रमबरोबर आपणहून घट्ट बसतो. म्हणजे जोरावर जोर!

गॅरेजात जाण्याआधी एवढं पाहा :

१. गाडी एका बाजूला ओढते? मग दोष बहुधा चाकात, बूस्टरमध्ये नाही. व्हील सिलिंडर गळून लायनरला ब्रेक ऑइल लागलं असेल. गळती थांबवून त्या जोडीच्या दोन्ही चाकांचे लायनर बदला. पुसून चालत नाही.

२. पावसाळ्यात सकाळी दोन-चारदाच गचका बसतो? ती ड्रममधली ओल आणि गंज.

३. सगळीच चाकं एकदम धरतात? मग बूस्टर गाडीच्या मानाने मोठा नाही ना, पेडलला थोडी मोकळी चाल आहे ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्या.

बूस्टरची नळी काढून मात्र गाडी हाकू नका. पेडल दगडासारखं होतं. ड्रममधली धूळही फुंकू-झाडू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाणं फार वाईट.

पाय जेवढा दाबाल, तेवढीच गाडी थांबावी. तोच खरा चांगला ब्रेक!