डेंकालीचे जंगल आणि बहादुरचे दल

टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि ली फॉक यांचा 1936 पासून अमेरिकी वृत्तपत्रांत झळकणारा 'फँटम' मराठी वाचकांसाठी 'वेताळ' झाला. मूळ कथेतील देशाचे 'बेंगाला' हे नाव बंगालशी जुळते म्हणून ते येथे 'डेंकाली' करण्यात आले. विषारी बाणांचे बांदर लोक आणि गुंडाच्या जबड्यावर उमटणारा अंगठीतील कवटीचा ठसा मात्र तसाच राहिला. अरण्यवासीयांचा त्राता वेताळासारखा गोराच असावा ही वासाहतिक कल्पना माडिया-गोंडांच्या चंद्रपूर-गडचिरोलीत विशेष खटकावी अशी आहे, जरी चित्रांच्या वेगात ती सहज नजरेआड होते.

वेताळ, जादूगार मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन या तिघांचे हक्क किंग फीचर्स सिंडिकेट या, वृत्तपत्रांना चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या, एकाच संस्थेकडे असल्यामुळे 1986 मध्ये 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांचा संघ बांधता आला. 1987 मध्ये मार्व्हलने त्यावर काढलेले कॉमिक मात्र चार अंकांतच आटोपले.

इंद्रजालला देशी संघ त्याआधीच लाभला होता. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला 'बहादुर' डिसेंबर 1976 मध्ये आला. दरोडेखोराचा हा मुलगा कोणत्याही अद्भुत शक्तीविना, गावकऱ्यांचे 'नागरिक सुरक्षा दल' उभारून डाकूंशी लढतो, आणि म्हणूनच तो वेताळापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो. इंद्रजाल ही माला 1990 मध्ये बंद पडली.